संस्थेसाठी फेसबुक-इन्स्टा करावं की ईमेल? देणग्या नेमक्या येतात कुठून?

खडूफळा
नमस्कार मंडळी, गणपती झाले, आता जरा निवांत वाचा आणि सल्ला द्या. बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेचं काम मी पुण्यात बसून बघतो, म्हणजे नोकरी सांभाळून शनिवार-रविवार जमेल तेवढं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह आहे. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कारखान्यांकडे निघतात, सांगली-कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत, ती मार्च-एप्रिलला परत. पोरं बरोबर गेली की शाळा बुडाली. मोठी पोरगी तर धाकट्याला सांभाळायला म्हणून नेतातच. तर ही पोरं गावात राहावीत म्हणून ते पाच-सहा महिने राहणं, जेवण, अभ्यास, एवढंच आमचं काम. साठ-सत्तर मुलं असतात. सरकारी अनुदान नाही, सगळं देणगीवर.

आता परवाच्या मीटिंगमध्ये विश्वस्तांनी ठरवलं की 'सोशल मीडिया करायचं'. एकांच्या ओळखीतली एजन्सी आहे, ती महिन्याला ठरावीक पैसे घेऊन रोज एक पोस्ट आणि आठवड्याला दोन रील देणार. ते पैसे म्हणजे आमच्या दोन महिन्यांच्या तूरडाळीचा खर्च आहे हो. माझं म्हणणं होतं की जुन्या देणगीदारांना नीट ईमेल पाठवू. तर 'ईमेल कोण वाचतं आजकाल' म्हणून मला गप्प बसवलं. तुमच्यापैकी कोणी संस्थेसाठी हे केलंय का? देणगी देताना तुम्ही स्वतः काय बघून देता? दोन्ही बाजूंनी सांगा.

चहाटळ
पयला!
ईमेल मी वाचतो. बँकेचे आणि वीजबिलाचे.

रानवारा
एजन्सीला अजिबात पैसे देऊ नका. मी ज्या संस्थेत होते तिथे हे झालंय. एजन्सीच्या पोरीला संस्थेचं काम कळायलाच दोन महिने गेले, तोपर्यंत रोजची पोस्ट म्हणजे काय तर जागतिक हस्तप्रक्षालन दिन, जागतिक टपाल दिन, आणि सगळ्याच्या खाली आमचा लोगो. लाईक यायचे, ते पण आमचेच कार्यकर्ते आणि त्यांचे साडू. देणगी म्हणाल तर त्या पानावरून आलेली मला एकही आठवत नाही.

शेवगाभाजी
रानवारा +१
आणि संस्थांची फेसबुक पानं उघडून बघा एकदा. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचा सत्कार, अध्यक्षांनी केलेला सत्कार, परत दीपप्रज्वलन. ज्यांच्यासाठी संस्था काढली ती माणसं फोटोत मागच्या सतरंजीवर, तीही अर्धी कापलेली. मला जर कळायचं असेल की इथे रोज भाकरी कोण थापतं, तर ते कुठेच सापडत नाही.

चहाटळ
शेवगाभाजी, अध्यक्षांच्या फोटोला लाईक नाही केलं तर पुढच्या मीटिंगला चहा मिळत नाही. तुम्हाला संस्थाजीवनाचा अनुभव कमी दिसतो. (हलकेच घ्या)

इन्स्टावाली
मी थोडं उलट बोलणार आहे, चालेल ना?
सगळे काका लोक एकदम सोशल मीडिया म्हणजे टाईमपास असं ठरवून मोकळे झालात. मी प्राण्यांच्या संस्थेचं इन्स्टा सांभाळते, फुकट, एजन्सी वगैरे काही नाही, माझा फोन आणि मी. आम्हाला तिथून पैसे फार येत नाहीत हे खरंय पण माणसं येतात. रात्री कुत्रं गाडीखाली आलं तर कोणाकडे गाडी आहे, कोणाच्या घरी दोन दिवस ठेवता येईल, हे सगळं स्टोरी टाकली की अर्ध्या तासात होतं. आमच्याकडे येणारा पशुवैद्य इन्स्टावरूनच आलाय आणि तो येतो ते काही पगारावर नाही. ईमेल पाठवून रात्री अकराला डॉक्टर मिळवून दाखवा.
आणि आईस बकेट चॅलेंज विसरलात का? २०१४ ला. डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायचं एवढंच, तर एएलएस या मज्जातंतूंच्या आजारावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला ११ कोटी ५० लाख डॉलर मिळाले. ईमेलने मिळाले असते?

मंगळवेढेकर
आईस बकेट पुढच्या वर्षी परत करायला गेले तेव्हा तो जोर नाही आला. लाट ती लाट. खडूफळांच्या पोरांना दरवर्षी नोव्हेंबरात भूक लागणार आहे. पण तुमचा पशुवैद्याचा मुद्दा मान्य, १००%.

आडकित्ता
देणगीदार म्हणून सांगतो. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पेन्शनीतून दरवर्षी थोडं बाजूला काढतो. 'लोकसत्ता'चा 'सर्वकार्येषु सर्वदा' उपक्रम असतो ना गणपतीत, २०११ पासून चालू आहे, दहा दिवस दहा संस्था, ते वाचून धनादेश पाठवतो. का पाठवतो, तर कोणीतरी तिथे जाऊन बघून लिहिलंय असं वाटतं आणि अर्धं पान वाचून काम नीट समजतं. फेसबुकवर मी असतो, सकाळ-संध्याकाळ असतो, पण तिथे बघून कधी पैसे दिलेले नाहीत. तिथे भांडणं वाचायला जातो.

तर पुढचं ऐका. इतक्या संस्थांना पैसे पाठवले, त्यातल्या बहुतेकांची पावती आली, छापील आभारपत्र आलं, आणि मग शांतता. पुढच्या वर्षी आठवण करायला कोणी नाही. एक संस्था मात्र दर जूनमध्ये पोस्टकार्ड पाठवते. पन्नास पैशाचं. शाळा सुरू झाली, यंदा विहिरीला पाणी बरं आहे, एवढंच चार ओळींत हाताने लिहिलेलं. ते कार्ड आलं की मी दुसऱ्या दिवशी बँकेत जातो. आता हे तुमच्या भाषेत मार्केटिंग आहे का काय मला माहीत नाही.

रानवारा
काका, याच्याहून चांगलं मार्केटिंग कुठल्या एजन्सीला जमणार नाही.
खडूफळा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर वरच आलंय बघा. नवीन लोकांना ओरडून बोलवायच्या आधी ज्यांनी एकदा दिलंय त्यांना विचारा. पोस्टकार्ड, ईमेल की व्हॉट्सॲप हा नंतरचा प्रश्न.

खडूफळा
आडकित्ता काका, वाचून गप्पच झालो. आमच्याकडे पावतीपुस्तकं आहेत, गेल्या आठ-दहा वर्षांची, कपाटात. त्यात नाव, पत्ता, कुठे फोन, कुठे ईमेल. हाताने लिहिलेलं. ते कोणी टाईपच केलेलं नाही आजवर. जुने देणगीदार म्हणतोय मी, पण यादी म्हणून काही अस्तित्वातच नाही, कपाट आहे.

भटकी_मांजर
मग एजन्सीचे पैसे त्या कपाटावर खर्च करा. गावातलीच एखादी बारावी झालेली मुलगी बसवा, एक्सेल शिकवा, पावतीमागे पैसे द्या. अर्धे ईमेल चुकीचे निघतील, जीमेलच्या जागी गमेल, डॉट कॉमच्या जागी डॉट कॉन, ते परत येतील तेव्हा फोन करून विचारा. फोन केला की लोक बोलतात हो, कोणी तरी म्हणतं अरे मी विसरलोच होतो तुम्हाला.

मंगळवेढेकर
ईमेलचा अनुभव. एका संस्थेने मला वार्तापत्र पाठवलं. बारा एमबीची पीडीएफ. विषयाच्या जागी 'त्रैमासिक वार्तापत्र अंक ३ रा'. आत पहिल्या पानावर अध्यक्षांचे मनोगत. आणि ईमेलमध्ये जो दोन ओळींचा मजकूर होता तो श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टातून चिकटवलेला, त्यामुळे सगळी चिन्हंच चिन्हं, कोणीतरी कीबोर्डवर झोपल्यासारखी. डीटीपीवाला आयुष्यभर त्याच फॉन्टात काम करतो त्याला काय सांगणार. युनिकोडमध्ये टाईप करा आणि मजकूर ईमेलच्या पोटातच टाका, फोनवर वाचता आला पाहिजे. पीडीएफ कोणी उघडत नाही.

आणि कहर म्हणजे सगळे पत्ते 'टू' मध्ये. दोनेकशे देणगीदार एकमेकांना उघडे. मग एकाने रिप्लाय ऑल करून मुलीच्या लग्नाचं स्थळ विचारलं.

चहाटळ
मग? जमलं का लग्न? अर्धवट सांगू नका.

मंगळवेढेकर
पत्रिका आली नाही अजून. पण देणगीदारांची दोन मुलं पुढे आली म्हणे.

भटकी_मांजर
हसा, पण ते धोक्याचं आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झालाय, त्यात संस्थेला वेगळी सूट वगैरे गृहीत धरू नका. ज्या कामासाठी नंबर घेतला त्याच कामासाठी वापरायचा, आणि नको म्हणाला तर काढून टाकायचा, एवढं आत्तापासून पाळलंत तरी पुरे.

माझं रोजचं काम ईमेल पाठवण्याचंच आहे (कंपनीसाठी, पापी पेट) म्हणून थोडं तांत्रिक लिहिते, कंटाळा आला तर खाली जा. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० लोकांच्या पुढे पाठवता येत नाही, आणि बीसीसीत (पत्ते एकमेकांना न दिसणाऱ्या रकान्यात) शंभर-शंभर पत्ते टाकून एकच मजकूर पाठवत सुटलात की स्पॅममध्ये जायची सवय लागते, एकदा लागली की सुटत नाही. त्यापेक्षा संस्थेचं स्वतःचं डोमेन (म्हणजे संस्थेच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता) घ्या, वर्षाला हजार-दीड हजारात होतं, आणि ईमेल पाठवायच्या एखाद्या सेवेचा फुकटचा प्लॅन बघा, तुमची यादी लहान असेल तर भागेल. डोमेन घेतलं की एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन नोंदी करून घ्यायच्या, म्हणजे समोरच्या जीमेलला कळतं की पत्र खरंच तुमच्याकडून आलंय. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने हे फार कडक केलंय. दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना तर तिन्ही सक्तीचं आहे, वर 'नको' म्हणायचं एका क्लिकचं बटण पण. तुम्ही तेवढे पाठवणार नाही, पण बटण ठेवाच. लोक संस्थांमध्ये ते बटण लपवतात, अपमान वाटतो म्हणून. मग तो माणूस बटण सापडलं नाही की स्पॅम दाबतो, आणि ते जास्त महागात पडतं.

अजून एक, किती जणांनी उघडलं हा आकडा विश्वस्तांना दाखवू नका. आयफोनवाल्यांच्या मेल ॲपमध्ये २०२१ पासून न उघडलेलं पण उघडलेलं दिसतं. किती जणांनी उत्तर दिलं ते मोजा.

शेवगाभाजी
वाखुसा (वाचनखूण साठवली).

सीए_आहे_मी
उशिरा आलो, सप्टेंबर म्हणजे आमची धावपळ. सगळ्यांनी देणगी कशी मागायची ते सांगितलं, आल्यावर काय करायचं ते कोणी बोललं नाही.

८०जी (देणगीदाराला करात वजावट देणारं कलम) असेल तर प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन घेऊन ३१ मेच्या आत फॉर्म १०बीडी भरायचा, त्यातून १०बीई प्रमाणपत्र निघतं, ते देणगीदाराला द्यायचं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. आणि देणगीदाराला वजावट मिळते ती या १०बीईवर, तुमच्या त्या सुंदर छापील पावतीवर नाही. दोन हजारांच्या वर रोख दिली तर वजावट नाही. तांदळाचं पोतं दिलं तर त्यालाही नाही, वस्तूरूप देणगी ८०जीत बसत नाही. हे लोकांना आधी सांगा, नाहीतर जुलैत रिटर्न भरताना शिव्या घालतात.

आता सोशल मीडियाशी संबंध काय? क्यूआर कोड. प्रत्येक पोस्टवर क्यूआर कोड लावायची हौस असते. यूपीआयने पैसे येतात, खात्यात दिसतं काय तर एक अर्धवट नाव आणि एक आकडा. कोण माणूस, कुठला पॅन, काही नाही. एकतर त्याला १०बीई देता येत नाही आणि दुसरं म्हणजे नाव-पत्ता नसलेली देणगी निनावी धरली जाते, ती एका मर्यादेच्या पुढे गेली तर संस्थेला ३०% कर. म्हणून क्यूआरच्या आधी एक साधा फॉर्म ठेवा, नाव-पत्ता-पॅन-ईमेल, मग क्यूआर. तुमची ती यादी पण आपोआप तयार होते. हे सगळे आकडे १९६१ च्या कायद्यातले, एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे आकडे वेगळे, तेव्हा तुमच्या सीएला विचारा, मला नको.

आडकित्ता
सीएसाहेब, आम्ही नवीन करप्रणालीत गेलो, तिथे ८०जीची वजावटच नाही. तरी देतोच. सगळे वजावटीसाठी देतात असं समजू नका.

सीए_आहे_मी
काका, मी कुठे म्हणालो. पण हल्लीच्या आवाहनांत पहिली ओळच 'करसवलत उपलब्ध' असते, ती खाली न्या एवढं तर मीही म्हणेन.

न्यूजर्सीत_सध्या
खडूफळा, मी इथून काही पाठवू शकतो का? दरवर्षीचा एक महिन्याचा धान्याचा खर्च उचलायला आवडेल. माझे आजोबा केज तालुक्यातले. पासपोर्ट अमेरिकन आहे, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) आहे.

सीए_आहे_मी
थांबा थांबा. संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायच्या कायद्याखालची, नोंदणी आहे का? नसेल तर घेऊ नका. ओसीआय असला तरी अमेरिकन नागरिक म्हणजे कायद्याने परदेशी स्रोत. भारतीय पासपोर्टवाला अनिवासी असेल तर त्याच्या स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेलं चालतं, पासपोर्टची प्रत घेऊन ठेवायची. एफसीआरए मिळवायचं म्हणजे संस्था किमान तीन वर्षं जुनी, त्या तीन वर्षांत १५ लाख कामावर खर्च केलेले, आणि २०२० पासून खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच. बीडच्या छोट्या संस्थेला ते झेपेल का ते बघा.
आणि वेबसाईटवर पैसे घ्यायची सोय कराल तेव्हा परदेशी कार्डं बंद करून घ्या. फेसबुकची पोस्ट कुठेही पोचते, कोणीतरी प्रेमाने पन्नास डॉलर टाकतो आणि उत्तरं तुम्ही देत बसता.

न्यूजर्सीत_सध्या
बहिणीकडे भारतीय पासपोर्ट आहे, तिच्या खात्यावर पाठवून...

सीए_आहे_मी
नाही.

चहाटळ
सीएसाहेबांची आजवरची सगळ्यात छोटी पोस्ट. जपून ठेवा.

खडूफळा
एफसीआरए नाही आमच्याकडे. न्यूजर्सीकर, मनापासून आभार, पण पैसे नकोत. तुम्हाला द्यायचंच असेल तर तिकडे नोंदणी असलेल्या, महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्थांना द्या, त्या इथल्या एफसीआरएवाल्यांपर्यंत पोचवतात. आमच्यासाठी वेगळी मदत करता येईल, पोरांना आठवड्यातून एकदा व्हिडिओवर इंग्रजी वाचून दाखवाल का?

न्यूजर्सीत_सध्या
आमची सकाळ, तुमची संध्याकाळ. जमेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

इन्स्टावाली
बघा, शेवटी हे पण सोशल मीडियाच झालं ना? इथे लिहिलं म्हणून माणूस मिळाला. ईमेल पाठवून नाही मिळाला ;)

खडूफळा, एजन्सी नको हे मला पण पटलं. पण वसतिगृहातल्या मावशींचा फोन घ्या आणि पहाटे भाकऱ्या चालू असताना मिनिटभर शूट करा. मागे गाणं नको, तव्याचा आवाज पुरे. आठवड्यातून एकच टाका. पोरं गोड असतील, त्यांचे हसरे चेहरे—

रानवारा
इथे मी अडवते. पोरांचे चेहरे नकोत.
मी समाजकार्यात आहे म्हणून जरा ताणून सांगते. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ मध्ये काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे. खडूफळांची मुलं त्या व्याख्येत बसतात का ते वकील सांगेल, आईबाप आहेत, घर आहे, कदाचित बसणार नाहीत. पण कायदा सोडा. आज सातवीत असलेली मुलगी उद्या लातूरला कॉलेजला जाईल आणि तिच्या वर्गातल्या कुणाला तरी तो फोटो सापडेल, खाली लिहिलेलं 'तुमच्या १५०० रुपयांत हिला महिनाभर जेवण'. आईबापांची परवानगी घेतली म्हणतात. वसतिगृह चालवणाऱ्याने परवानगी मागितल्यावर कुठली आई नाही म्हणेल? ज्याच्या ताटात आपण वाढतो त्याला नाही म्हणायची सोय नसते.

इन्स्टावाली
हं. कुत्र्यांच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही.
मग पाठमोरं घ्या, हात घ्या, वह्या घ्या. आमच्या सरांनी शाळेत केलं होतं तसं पोरांनाच कॅमेरा द्या, त्यांना काय दाखवायचंय ते दाखवू दे. पण रानवारा, एक विचारते, चेहरा नसेल तर लोक थांबत नाहीत हे पण खरं आहे. रीलवर दीड सेकंदात माणूस पुढे जातो.

रानवारा
जाऊ दे पुढे. जो दीड सेकंदात जातो तो तूरडाळ देणार नव्हता.

इन्स्टावाली
हे नाही पटलं. कोणीतरी थांबेल आणि त्यातला एक जण स्वयंसेवक होईल. पण चेहऱ्यांचं पटलं.

मंगळवेढेकर
व्हॉट्सॲपबद्दल कोणीच का बोलत नाहीये, आपले पन्नाशीपुढचे सगळे देणगीदार तिथेच पडीक आहेत.

भटकी_मांजर
आहेत, पण ग्रुप करू नका. १०२४ जणांचा ग्रुप होतो आणि तिसऱ्या दिवसापासून शुभ सकाळ. फक्त ॲडमिन लिहू शकेल असं करता येतं, पण मग लोक तो ग्रुप म्यूट करतात आणि विसरतात, शिवाय एकमेकांचे नंबर दिसतात ते वेगळंच. ब्रॉडकास्ट लिस्ट बरी, एका लिस्टमध्ये २५६ जण, प्रत्येकाला वैयक्तिक आल्यासारखा मेसेज जातो, उत्तर फक्त तुम्हाला येतं. फक्त एक ग्यानबाची मेख आहे, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो. म्हणून पावती देताना त्याच मेसेजात सांगायचं, हा नंबर संस्थेच्या नावाने सेव्ह करून ठेवा. संस्थेचा नंबर पण वेगळा घ्या, कार्यकर्त्याचा नको. कार्यकर्ता सोडून गेला की यादी पण जाते, हे लई ठिकाणी पाहिलंय.

शेवगाभाजी
गुगल संस्थांना महिन्याला दहा हजार डॉलरच्या जाहिराती फुकट देतं असं वाचलं होतं. ते घ्या की.

भटकी_मांजर
देतं, ॲड ग्रँट्स. पण ते पैसे नाहीत, फक्त गुगल सर्चमधल्या मजकुराच्या जाहिराती, आणि दर महिन्याला किमान ५% लोकांनी क्लिक केलं पाहिजे नाहीतर खातं बंद होऊ शकतं. 'ऊसतोड मुलांचं वसतिगृह' असं दिवसाला किती जण शोधतात? धड वेबसाईट आणि ते रोज बघणारं माणूस नसेल तर नादी लागू नका. त्याच नोंदणीतून मिळणारे फुकटचे संस्थेच्या डोमेनवरचे ईमेल मात्र जरूर घ्या. आणि डिझाईन करायचं कॅनव्हा पण संस्थांना फुकट देतं, म्हणजे तो डीटीपीवाला सुटेल.

आडकित्ता
एवढं तंत्र ऐकून माझं डोकं भणाणलं. पत्रात लिहिणार काय ते ठरवा आधी. कोणी नमुना देईल का?

रानवारा
मी प्रयत्न करते. खडूफळा, तपशील तुमचे टाका.

"नमस्कार काका, गेल्या वर्षी तुम्ही दिलेल्या पैशांत आपण ज्वारी आणि तूरडाळ घेतली. ज्वारी फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत पुरली, मार्चमध्ये थोडी उसनी आणावी लागली. मुलं सगळी परीक्षेला बसली, दोघं मात्र मधेच आईबापांकडे कारखान्यावर गेली, आम्ही गेलो होतो आणायला, आली नाहीत. यंदा ती दोघं परत येतायत. दसऱ्यानंतर गाड्या हलतील, त्याआधी धान्य भरून ठेवलं तर स्वस्त पडतं. जमेल तसं पाठवा. नाही जमलं तरी एकदा येऊन जेवून जा, रविवारी पिठलं असतं."

आडकित्ता
हे आलं असतं तर मी आजच पाठवले असते. ती दोन पोरं आली नाहीत हे लिहिलंत म्हणून.

चहाटळ
मला पिठल्याने मारलं.

खडूफळा
रानवारा, हे जसंच्या तसं नाही, पण याच धर्तीवर लिहितो. पिठलं गुरुवारी असतं, रविवारी अंडी. विश्वस्त म्हणतील अपयश कशाला सांगायचं, उसनी ज्वारी कशाला सांगायची, तो वाद घालावा लागेल.

सीए_आहे_मी
उसनी ज्वारी हिशोबात दाखवलीय ना?

खडूफळा
दाखवलीय हो.
आज विश्वस्तांशी बोललो, धागा पण वाचायला दिला, चहाटळ यांचे प्रतिसाद वगळून. एजन्सी यंदा तरी रद्द. आधी पावतीपुस्तकं एक्सेलमध्ये, गावातल्याच दोघी मुली बसणार आहेत. मग पहिलं पत्र दसऱ्याच्या आधी, ईमेल असेल त्याला ईमेल, नसेल त्याला व्हॉट्सॲप, दोन्ही नसेल त्यांना पोस्टकार्ड. दुसरं पत्र जानेवारीत, त्यात काही मागायचं नाही, फक्त कळवायचं. १०बीई मेमध्ये पाठवताना तिसरं. इन्स्टावाली, भाकरीचा व्हिडिओ करू, मावशी तयार आहेत पण त्यांची अट आहे की आधी नवीन तवा घेऊन द्या.

इन्स्टावाली
तवा माझ्याकडून. फॉर्म कुठे आहे? पॅनसकट भरते.

सीए_आहे_मी
तवा वस्तूरूप. ८०जी नाही.

मंगळवेढेकर
दानोत्सव, म्हणजे देशभरातला दानाचा आठवडा, २ ते ८ ऑक्टोबर असतो आणि यंदा (२०२५) दसरा २ तारखेलाच आहे. त्या आठवड्यात सगळ्याच संस्था मागत असतात, गर्दीत हरवाल. पत्र त्याच्या आठ दिवस आधी सोडा.

शेवगाभाजी
त्या आधी पितृपक्ष आहे, ७ ते २१ सप्टेंबर. वडिलांच्या नावाने देणारे पुष्कळ असतात, आमच्या घरी अन्नदानाचे पैसे त्या पंधरवड्यातच बाजूला काढतात. तेव्हाच पाठवा ना.

आडकित्ता
शेवगाभाजी यांच्याशी सहमत. आमच्याकडेही तसंच.

खडूफळा
हे डोक्यातच नव्हतं आलं. मग पावतीपुस्तकांना एवढा वेळ नाही, निदान शेवटच्या तीन वर्षांची या आठवड्यात व्हायला हवीत. पुण्यात कोणाला शनिवारी वेळ आहे का? पुस्तकांचे फोटो मागवलेत, माझ्या घरी बसून टाईप करू. देणगीदारांची माहिती आहे म्हणून घरी पाठवणार नाही, यावं लागेल.

भटकी_मांजर
मी येते. लॅपटॉप आणते.

चहाटळ
मी पण. मराठी टायपिंग येतं, अक्षर कुणाचंही लागतं, मेडिकल स्टोअरमध्ये काम केलंय. पत्ता व्यनि करा.

मंगळवेढेकर
सोलापूरहून शनिवारी येणं होणार नाही. थोडे फोटो राहिले तर पुढच्या आठवड्यात येईन, तोवर परत आलेले ईमेल फोन करून दुरुस्त करायचं काम माझ्याकडे द्या. बोलायला मला आवडतं.